थारला लोखंडी बंपर आणि विंच: एअरबॅगचं काय होतं?

चिखलवाट

गाडी तीन दारांची थार, २०२२, डिझेल, पुढे दोन एअरबॅग. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणी बाजूच्या कच्च्या वाटा, बाकी वर्षभर पुण्यातला रोजचा वापर. पुढे ३ मिमी पत्र्याचा लोखंडी बंपर आणि ९५०० पौंडांची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र) बसवायची आहे. बंपर साधारण ४५ किलो, विंच स्टीलच्या दोरासकट ४० किलो.

फॅब्रिकेटरची योजना अशी: मूळ बंपर आणि त्यामागचं सगळं काढायचं, चेसिसच्या दोन्ही टोकांना १० मिमीची प्लेट वेल्ड करायची आणि त्यावर बंपर कसायचा. त्याचं म्हणणं, "एअरबॅगचा कंप्युटर आत केबिनमध्ये असतो, बंपरशी त्याचा संबंध नाही. मीटरवरचा दिवा पेटला नाही म्हणजे काम बरोबर झालं."

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बंपर बदलल्याने एअरबॅग उघडण्यात खरंच फरक पडतो का, आणि कसा? बसवायचाच झाला तर कोणत्या क्रमाने, काय सांभाळून? आणि विंचने ओढताना किंवा दगडावर बंपर आपटल्यावर एअरबॅग उगाच उघडू शकते का?

तेराचा_पाना

कंप्युटर आत असतो हे खरं. संबंध नाही हे साफ चूक.

तो कंप्युटर बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधल्या बोगद्यावर कसलेला असतो. त्याला बंपर दिसत नाही, समोरची भिंत किंवा झाडही दिसत नाही. गाडीचा वेग दर मिलिसेकंदाला किती कमी होतोय एवढंच त्याला कळतं. त्या उताराचा आकार पाहून तो ठरवतो की ही खरी धडक आहे, खड्डा आहे की दाराचा धपका. हा आकार ठरतो गाडीच्या नाकावरून: बंपर, त्यामागची बीम, चेसिसच्या टोकाला मुद्दाम चुरगळायला ठेवलेला भाग. कंपनीने धडक-चाचण्या करून कंप्युटरमधला हिशोब त्या नाकासाठी बसवलेला असतो. नाक बदललं की हिशोब जुना आणि गाडी नवी.

आणि हिशोबाला वेळ फार थोडा असतो. समोरून जोरदार धडक झाली तर १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय व्हावा लागतो, पुढच्या साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता चूक दोन दिशांनी होते.

एक, नाक फार कडक झालं. १० मिमीची प्लेट थेट चेसिसवर, मध्ये चुरगळणारं काहीच नाही. मूळ नाकाने जी टक्कर पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये गिळली असती, ती आता सरळ चेसिसमधून सेन्सरपर्यंत जाते. साधारण अंदाज म्हणून: बऱ्याच गाड्यांत बेल्ट न लावलेल्या माणसासाठी एअरबॅग १६ ते १९ किमी वेगाने कठीण भिंतीला धडकण्याइतक्या आघाताला उघडते, बेल्ट लावलेल्यासाठी सुमारे २५ किमीच्या आघाताला. कडक नाकामुळे हा उंबरठा खाली येतो आणि जिथे नुसत्या बेल्टने काम भागलं असतं तिथे पिशवी तोंडावर येते. ती बाहेर येण्याचा वेग ताशी ३०० किमीच्या आसपास असतो, म्हणून स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंमी अंतर ठेवायला सांगतात.

दोन, आणि मला याची भीती जास्त वाटते: नाक चुकीच्या ठिकाणी मऊ झालं. बंपर जाड पत्र्याचा, पण ब्रॅकेट लांब आणि बारीक. धडकेत ब्रॅकेट आधी पिळवटतं, बंपर खाली किंवा वर दुमडतो, सुरुवातीचे काही मिलिसेकंद कंप्युटरला धडक किरकोळ वाटते. मग चेसिसला एकदम झटका बसतो आणि निर्णय उशिरा होतो. तोवर चालक पुढे सरकलेला असतो. उशिरा उघडलेली पिशवी ही मदत नसते, तो दुसरा आघात असतो.

तिसरी बाब एअरबॅगपलीकडची, पण तिच्यापासून वेगळी काढता येत नाही. १७०० किलोची गाडी ५६ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १५.६ मीटरने भिंतीवर गेली आणि पुढचा भाग ६० सेंमी चुरगळून थांबली, तर सरासरी मंदन येतं सुमारे २१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २१ पट. चुरगळणारे पहिले १२ सेंमी कापून टाकले आणि ४८ सेंमीच उरले, तर तेच होतं २६ जी. हा फरक बेल्टला, बरगड्यांना आणि मानेला सोसावा लागतो. एअरबॅग अगदी वेळेवर उघडली तरी.

दिव्याबद्दल. एअरबॅगचा दिवा फक्त वायरिंग सांगतो: सर्किट जोडलेलं आहे, रोध मर्यादेत आहे, सेन्सर बोलतोय. पुढचं लोखंड बदललंय हे त्याला कळायला मार्गच नाही. सगळं चुकीचं बसवूनही दिवा सहा सेकंदांत मुकाट विझेल.

घाटमाथा

वर लिहिलंय त्यात पुढच्या सेन्सरची भर घालतो. कंप्युटरशिवाय अनेक गाड्यांत पुढे एक किंवा दोन सेन्सर असतात, रेडिएटरच्या चौकटीवर किंवा चेसिसच्या पुढच्या टोकाजवळ. कारण साधं आहे. दोन्ही चेसिस-रेलच्या मधोमध खांब किंवा झाड आलं तर केबिनपर्यंत झटका फार उशिरा पोचतो. पुढचा सेन्सर ती बातमी आधी देतो.

तुमच्या गाडीत तो कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलच्या चित्रात बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. दिसायला काडेपेटीएवढी काळी डबी, एक किंवा दोन बोल्टवर, दोन तारांचा कपलर (तारा जोडणारा प्लग), बऱ्याचदा पिवळा. डबीवर अनेकदा दिशेचा बाण असतो. बंपरला जागा करायला ही डबी पाच सेंमी बाजूला सरकवणं, उलटी करणं, तिच्याखाली वॉशर किंवा रबर घालणं, पातळ पट्टीवर लटकवणं, यातलं काहीही करू नका. त्या जागेचा पत्रा धडकेत कसा आणि कधी मागे येतो, त्यावरच तिचं मोजमाप उभं आहे. नव्या बंपरचं डिझाइन डबी हलवल्याशिवाय बसत नसेल, तर ते डिझाइन तुमच्या गाडीचं नाही.

उलटी चूकही होते. मूळ आवरण निघून नुसत्या पाइपचा बंपर आला की डबी उघडी पडते. मग फांदी, दगड, चिखलाचा फवारा थेट तिच्यावर.

चिखलवाट

वेल्डिंगचा बेत रद्द. पण बोल्टवर बसणारा, चुरगळणारा भाग शाबूत ठेवणारा बंपर मिळाला तर बसवण्याचा क्रम सविस्तर सांगाल का?

लो_रेंज

आधी बंपर निवडताना काय बघायचं ते, कारण चुकीच्या बंपरला बरोबर फिटिंग वाचवू शकत नाही.

मूळ बंपर काढून पुढून आणि खालून फोटो घ्या. चेसिसच्या टोकाला बोल्टने जोडलेले पातळ पत्र्याचे डबे, किंवा रेलच्याच पत्र्यात दाबलेल्या आडव्या घड्या आणि खाचा दिसतील. तो चुरगळणारा भाग. नवा बंपर त्याच्या पुढे बसला पाहिजे. त्याच्या जागी नाही, त्याला बाजूने ओलांडून मागच्या क्रॉसमेंबरला (चेसिसच्या आडव्या तुळईला) टेकूनही नाही. ही शेवटची चूक सर्रास दिसते: बंपरपासून खालच्या क्रॉसमेंबरपर्यंत ५ मिमीची स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) दोन्हीकडे पक्की बोल्ट करतात. वरून रेल चुरगळायला मोकळी, खालून स्किड प्लेट खांबासारखी उभी. स्किड प्लेटचं पुढचं टोक बंपरला कसूच नका, किंवा लांब खाचेत ठेवा म्हणजे ती मागे सरकू शकेल.

ऑस्ट्रेलियात हे शास्त्र बरंच पुढे गेलंय. तिथल्या नामांकित बुलबारच्या (असल्याच लोखंडी बंपरच्या) माउंटमध्ये मुद्दाम घड्या पाडलेल्या असतात, मूळ नाकाच्या जवळपासच्या बळाला त्या मिटाव्यात म्हणून. तिथल्या समोरासमोर धडकेच्या नियमांत (एडीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स) एडीआर ६९ म्हणजे ४८ किमीला पूर्ण रुंदीची धडक, एडीआर ७३ म्हणजे ५६ किमीला ४० टक्के रुंदीची. पण 'एअरबॅगला चालतो' हा शिक्का एका ठराविक मॉडेलपुरताच असतो. तीन दारांच्या जिमनीसाठी तपासलेला बार आपल्या पाच दारांच्या जिमनीला भोकं जुळली म्हणून लावला, तर वजन वेगळं, व्हीलबेस वेगळा, शिक्क्याचा अर्थ संपला. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कोणत्या गाडीवर, कोणती चाचणी, कागद दाखवा. नुसतं "कंपॅटिबल आहे" हे उत्तर नव्हे.

आता काम.

सपाट जागा, चाकांना अडण्या, चावी काढून खिशात. आधी एअरबॅगचा भाग वाचू शकणाऱ्या स्कॅनरने जुने बिघाडाचे कोड बघून लिहून ठेवा. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचेच कोड वाचतो, तो इथे उपयोगाचा नाही. मग दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, टोकाला कापड गुंडाळा आणि थांबा. एअरबॅग कंप्युटरमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी सुटली तरी पिशवी फोडण्याइतका चार्ज काही काळ धरून ठेवतो. कुठल्या मॅन्युअलमध्ये ९० सेकंद लिहिलेले असतात, कुठे ३ मिनिटं. सरसकट ५ मिनिटं थांबा. सेटिंग जाऊ नये म्हणून ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात तिथे) लावायचा मेमरी सेव्हर या कामात वापरायचा नाही, तो वीज चालू ठेवतो.

बॅटरी सुटल्याशिवाय इम्पॅक्ट गन आणि हातोडा पुढच्या भागाजवळ आणू नका. चावी चालू ठेवून सेन्सरच्या शेजारी घण घालणं हा शुद्ध जुगार आहे.

सेन्सरचा कपलर काढावाच लागला तर लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. पिवळ्या वायरिंगला मल्टिमीटर लावायचा नाही. पिशवी फोडणाऱ्या सुरुंगाचा रोध जेमतेम २ ओहम असतो आणि त्याला पेटायला सव्वा अँपियरच्या आसपास करंट काही मिलिसेकंद पुरतो. रोध मोजायला गेलेल्या मीटरवर विश्वास टाकण्याची ही जागा नव्हे.

सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, आजूबाजूचा विजेचा गोंधळ त्यांच्यात शिरू नये म्हणून. त्या कापून लांबवणं, पीळ सोडणं, फॉग लॅम्पसाठी त्यांच्यातून वीज घेणं, सगळं वर्ज्य. विंच पूर्ण ओढीला ४०० अँपियरच्या आसपास खेचते. तिच्या जाड केबल या तारांना समांतर नेऊ नका. किमान १० ते १५ सेंमी अंतर ठेवा, ओलांडायचंच तर काटकोनात.

बंपर चढवताना दोघांनी उचला, खाली जॅक किंवा ट्रॉलीचा आधार द्या. चेसिसला नवं भोक नाही, वेल्ड नाही. फक्त कारखान्याची भोकं. भोकं अर्धा सेंटिमीटर जुळत नाहीत म्हणून ग्राइंडरने लांबवली, की तो जोड धडकेत आधी घसरणार आणि मग अडकणार, म्हणजे वर तेराचा पाना यांनी सांगितलेली उशिराची चूक. बोल्ट ८.८ ग्रेडचे, पुरवठादाराने वेगळे सांगितले नसतील तर. कोरड्या स्वच्छ आट्यांवर एम१० ला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, एम१२ ला ८०. सेन्सरचा छोटा एम६ बोल्ट ८ ते १० च्या पुढे नेऊ नका, मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच अंतिम. आधी सगळे बोल्ट हाताने, मग बंपर समतल करून टॉर्क रेंचने. ५०० किमीनंतर पुन्हा तपासायचे.

बंपर आणि सेन्सरची डबी यांच्यात हात जाईल एवढं अंतर राहिलं पाहिजे. विंचचा ट्रे, मोटर, कंट्रोल बॉक्स यातलं काही डबीच्या अगदी समोर येत असेल तर हलक्या टकरीतसुद्धा ते थेट डबीवर जाईल.

शेवटी बॅटरी जोडताना केबिनमध्ये कोणी बसलेलं नसावं. चावी चालू करा, दिवा पेटून साधारण सहा सेकंदांत विझला पाहिजे. मग स्कॅनर पुन्हा. आधी नसलेला कोड दिसला तर तो पुसून गाडी चालवायला काढू नका, कारण शोधा. बहुतेकदा अर्धवट बसलेला कपलर असतो.

थार रॉक्सवाल्यांसाठी (पाच दारांची थार) एक वाक्य: ज्या व्हेरिएंटमध्ये एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे तिथे पुढे रडार आहे, त्याच्या समोर लोखंड किंवा नंबरप्लेट आली की स्वयंचलित ब्रेक आंधळा होतो.

दोन_डिफ

वजनाचा हिशोब कोणी मांडला नाही. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) २४५० मिमी. बंपर आणि विंच मिळून ८५ किलो, पुढच्या एक्सलच्या मध्यापासून सुमारे ७५ सेंमी पुढे लटकलेले. तरफेच्या नियमाने पुढच्या एक्सलवर ८५ नाही, १११ किलो वाढतात आणि मागच्या एक्सलवरचे २६ किलो कमी होतात. नाक बसतं. ब्रेक मारल्यावर आणखी बसतं. बंपरची उंची बदलली की समोरच्या गाडीच्या बीमशी आपली बीम भिडत नाही, एक दुसरीच्या खाली शिरते, आणि सेन्सरला पुन्हा तीच मऊ-मग-कडक धडक मिळते. म्हणून स्प्रिंगचा विचार आधी. दोर सिंथेटिक घेतला तर नाकावरचे साधारण १० किलो लगेच वाचतात, आणि तुटला तर स्टीलच्या दोरासारखा चाबूकही होत नाही.

कलम_५२

तांत्रिक बाजू उत्तम मांडली गेली आहे, पण ही गाडी पुण्यात रोज रस्त्यावर चालणार आहे, म्हणून कायदा स्पष्ट लिहितो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून कळवलं की क्रॅश गार्ड आणि बुल बार बसवणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे आणि कलम १९० व १९१ खाली दंडनीय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए च्या चौथ्या उपकलमात परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मान्य होणार नाही. विमा कंपनीला दावा अडवायला हे पुरेसं कारण होऊ शकतं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी पायी चालणारा माणूस राहतोच. प्लास्टिकचा बंपर गुडघ्याला थोडा तरी दबतो, ३ मिमीची लोखंडी धार दबत नाही. शहरात रोज फिरणाऱ्या गाडीवर हा भार मला मान्य नाही.

चिखलवाट, तुमची गरज काय आहे ते बघा: अडकल्यावर बाहेर निघणं. त्यासाठी बंपर लागत नाही. थारचा पुढचा कोन (नाक न घासता चढता येणारा उतार) मूळ बंपरसह ४१ अंशांच्या आसपास आहे, मुळशीच्या वाटांना तो कमी पडत नाही. कारखान्याचे टो-हुक, ८ ते ९ मीटरचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोर हुकाला जोडायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या), चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी, फावडं, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायला गेज आणि परत भरायला कंप्रेसर. बहुतेक चिखल एवढ्यात सुटतो. एकट्याने जात असाल तर झाडाला बांधायचा रुंद पट्टा आणि हाताने ओढायची विंच. संथ आहे, पण वजन मागे डिकीत राहतं आणि नाकाला हात लागत नाही.

चिखलवाट

यादी पटली. बंपर बाजूला ठेवतो. तिसरा प्रश्न तरी राहिलाच: हुकला दोर लावून ओढताना किंवा खालून दगड लागल्यावर एअरबॅग उघडेल का? काही जण ट्रेलवर एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवतात.

तेराचा_पाना

ओढताना नाही. ९५०० पौंडांची विंच पूर्ण ताकदीने ओढली तरी बळ ४२ किलोन्यूटन, १७०० किलोच्या गाडीला त्याने जास्तीत जास्त अडीच जी मिळतात, तेही हळूहळू चढत. कंप्युटर शोधत असतो त्याच्या कितीतरी पट झटका, आणि तोही वेगात खरी घट घडवणारा. कायनेटिक दोर बळ सावकाश चढवतो, म्हणून तोच वापरा. ताण नसलेली साखळी किंवा स्टीलचा दोर लावून धावत झटका देऊ नका. त्यात एअरबॅगपेक्षा हुक उपटून काचेतून आत येण्याचा धोका मोठा.

दगडाचं असं: लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या संथ गिअरमध्ये) ५ ते ८ किमीने बंपर किंवा स्किड प्लेट आपटली तर आवाज भयंकर येतो, पण वेगात पडणारी घट नगण्य असते. शिवाय निर्णयाला एकच सेन्सर पुरत नाही, दुसऱ्या मोजमापाने दुजोरा द्यावा लागतो. मात्र ३० किमीने ओढ्याच्या काठात नाक घुसलं तर उघडेल, आणि तेव्हा ती उघडायलाच हवी.

फ्यूज काढू नका. त्या फ्यूजवर बेल्ट घट्ट ओढणारा प्रीटेन्शनरही असतो, म्हणजे दोन्ही संरक्षणं एकदम जातात. कोड साठतो, आणि ट्रेल संपल्यावर फ्यूज परत लावायचा राहिला तर घाट उतरताना गाडीत एअरबॅग नसते.

घाटमाथा

पाण्यातून काढल्यावर एवढं करा: दुसऱ्या दिवशी पुढच्या सेन्सरभोवतीचा चिखल साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरची नळी कपलरवर थेट धरू नका. दिवा अधूनमधून पेटून विझत असेल तर कपलरच्या पिनांवर गंज धरल्याची शक्यता मोठी. बॅटरी काढून, पाच मिनिटं थांबून, कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पिना हिरवट दिसल्या तर घासू नका, कपलर बदलून घ्या.

चिखलवाट

शनिवारी गाडीखाली जाऊन सेन्सर कुठे आहे ते मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघतो आणि फोटो टाकतो. मागे सीटखाली जॅकचं हँडल आणि शॅकल मोकळे पडलेले असतात, तेही पट्ट्याने बांधून घेतो.